गाईशी बोलणारी

उन्हाळा सरता सरत नव्हता. गोठ्याच्या पत्र्याखाली दुपारी उभं राहिलं की टाळू भाजायची. हिरवी वैरण कधीच संपली होती आणि वाळलेलीत काड्यांपेक्षा धूळ जास्त होती. गाई आटत चालल्या होत्या. त्यात तांबडीच्या कासेला दगडी झाली. कास सुजून टणक झाली, सडांतून गाठाळ दूध यायला लागलं, हात जवळ नेला तरी गाय थरथरायची. बाकीच्या गाईंना लागली तर घरचं दूधच बंद, म्हणून तिला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला एकटीला बांधलं होतं.

तांबडी मनापासून हात लावू द्यायची ती फक्त घरातल्या थोरल्या लेकीला. बापाला तिने मांडीवर अशी लाथ ठेवून दिली होती की तो बरेच दिवस फरफटत चालत होता आणि विचारणाऱ्याला घसरलो म्हणून सांगत होता. आईचा हात चालायचा, पण नाइलाजाने. थोरली मात्र पाटावर बसली, कपाळ गाईच्या पोटाला टेकलं आणि बोलायला लागली की तांबडी कान पाडून उभी राहायची. काय बोलायची? वर्गात कुणाचं कुणाशी वाजलं, गणित कुठे चुकलं, बाबा कुणावर कसे तडकले. सगळं धडाधडा, एका दमात. आणि हीच नववीतली पोर चार माणसांत उभी केली की पहिल्याच अक्षराला अडायची. ओठ आवळले जायचे, मानेची शीर फुगायची, डोळे मिटायचे, आणि समोरचं माणूस खोळंबून राहायचं.

घरात कुणी खोळंबत नव्हतं, कारण बाप खोळंबणाऱ्यातला नव्हता. लोकांनी त्याचं नाव गडबड्या ठेवलं होतं ते उगीच नाही. हा चहा फुंकर न घालता प्यायचा आणि दिवसभर भाजलेली जीभ घेऊन फिरायचा. थोरली म्हणायची, "बाबा, म... म..." की हा म्हणायचा, "मशीन बंद करू? केलं. पुढचं बोल." बऱ्याचदा त्याचा अंदाज बरोबर निघायचा. चुकला तर पोर नुसती मान हलवून गप्प बसायची, आणि त्याला वाटायचं, आपण तिचे कष्ट वाचवले. माणूस वाईट नव्हता. लेकीवर त्याचा जीव होता. त्याला फक्त थांबता येत नव्हतं.

त्या आठवड्यात थोरली गोठ्यात यायची बंद झाली. आधी डोकं दुखतंय म्हणून, मग पोट. आई तांबडीखाली बसली. गरम पाण्यात फडकं पिळून कासेवर धरलं, सडाला बोट लावलं, तर गाईने किटली उडवली. दूध कसलं, पिवळट पाणी आणि गाठी. आईच्या पायावर ते सगळं सांडलं. ती उठली नाही. भांडं पुन्हा सरकवून बसली आणि थोरलीसारखं काहीतरी बोलून पाहिलं, पण गाईला तो आवाज ओळखीचा वाटेना.

दुपारी आई धाकटीला शाळेतून आणायला गेली. धाकटी पहिलीत. दप्तर आईच्या खांद्यावर देऊन ती पुढे उड्या मारत निघाली आणि गाणं म्हणायला लागली. "ताई हम्मा, ताई हम्मा, बोल गं बोल हम्मा."

"काय म्हणतेस गं?"

"सगळे म्हणतात." धाकटी थांबली नाही. "मोठ्या मुलांच्या फोनमध्ये ताई आहे. ताई गाईशी बोलते आणि मग गाईसारखी ओरडते. आई, ताई टीव्हीत पण येणार?"

आईने तिचा हात धरून पावलं उचलली. घरी येऊन तिने धाकटीला पाणी दिलं, हात धुतले, आणि आतल्या खोलीत गेली. थोरली भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईने काही विचारायच्या आधीच तिने उशीखालून फोन काढून मागे सरकवला. अभ्यासासाठी दिलेला आईचाच जुना फोन होता तो.

व्हिडिओ अगदी छोटा होता. वर्गात थोरली धडा वाचायला उभी आहे आणि एका अक्षरावर अडली आहे. मागे कुणीतरी खिदळतंय. लगेच गोठा. गाईच्या पोटाला कपाळ लावून तीच मुलगी घडाघडा बोलते आहे. पुन्हा वर्ग. पुन्हा गोठा. शेवटी वर्गातलं तिचं उघडं तोंड आणि त्यावर चिकटवलेलं गाईचं हंबरणं. वर लिहिलं होतं, गाईशी बोलणारी. तिच्याच नावाने कुणी खातं उघडलं होतं, त्यावर तिच्या चेहऱ्याला शिंगं लावली होती, आणि त्या खात्यावरून पोरांना नको नको ते निरोप जात होते. खाली हसणारे चेहरे. बोट वर सरकवावं तितके.

गोठ्यातलं चित्रण गव्हाणीच्या कोपऱ्यातून केलेलं होतं. त्या कोपऱ्यात उलट्या टोपलीवर रोज संध्याकाळी कोण बसायचं, हे आईला माहीत होतं. थोरलीची मैत्रीण. दूध संकलन केंद्र चालवणाऱ्याची मुलगी. वर्गात थोरलीशेजारी बसणारी तीच आणि थोरली जिच्याशी थोडंफार बोलायची तीही तीच.

बाप दूध घालून आला तेव्हा आईने फोन त्याच्या हातात दिला. त्याने उभ्याउभ्याच पाहिलं. त्याचे कान तांबडे झाले.

"कोण? कुणी केलं हे?" तो आतल्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाला.

थोरली उठून बसली. तिने तोंड उघडलं. "क... क..."

"कळत नाही ना? राहू दे. मी काढतो शोधून." आणि तो वळलासुद्धा. क पासून काय निघणार होतं, ते तिच्या घशातच राहिलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मागच्या वर्षी त्यांची कालवड दावं तोडून गेली होती. बापाने तिचा फोटो काढलेला होता, तो ओळखीच्या सगळ्यांना पाठवला, आणि दिवस मावळायच्या आत कालवड परत खुंट्याला आली. तेव्हापासून फोन या वस्तूवर त्याचा फार विश्वास बसला होता. आताही त्याने तेच केलं. व्हिडिओ दूधवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं: ही माझी मुलगी आहे. हे कोणी केलं ओळखत असाल तर ताबडतोब कळवा. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पाठवा.

मग त्याला जरा बरं वाटलं. काहीतरी केलं की त्याला बरं वाटायचं. तो गोठ्यात गेला, कुट्टीचं मशीन सुरू केलं आणि पेंढ्या आत सारायला लागला. धूळ नाकातोंडात गेली, घामावर चिकटली, अंगाला खाज सुटली. मशीनच्या आवाजात त्याला खिशातला फोन ऐकू आला नाही. आई येऊन समोर उभी राहिली तेव्हा त्याने मशीन बंद केलं.

"अहो, काय केलंत तुम्ही हे?"

"शोधायला नको का?"

"वासरू आहे का ती?"

त्याने फोन काढला. दूधवाल्यांच्या ग्रुपवर हसणारे चेहरे आले होते. त्याच्या चुलतभावाने लिहिलं होतं, छान बोलते की रे गाईशी. कुणी विचारलं होतं, दूध किती देते. माणसं एरवी बरी होती. केंद्रावर कुणाच्या दुधाला फॅट कमी लागलं तर एकमेकांच्या बाजूने भांडणारी होती. पण हसायला मिळालं की माणूस मागचापुढचा विचार करत नाही, आणि आपण कुणावर हसतोय हे त्याला फोनच्या काचेतून दिसत नाही.

घाईघाईत बापाने तिन्ही ठिकाणी बोट दाबून पुसून टाकलं. फोनने काहीतरी विचारलं, त्याने न वाचताच वरचं दाबलं. व्हिडिओ गेला. त्याने सुस्कारा टाकला. मग आईने तिचा फोन पुढे केला. तिच्या फोनवर तो तसाच होता, वर त्याचं नाव, त्याचे शब्द. त्याने पुसला होता तो फक्त स्वतःपुरता. आता तो त्याला दिसत नव्हता, बाकी सगळ्यांना दिसत होता, आणि परत घ्यायची सोयच उरली नव्हती.

थोरलीला घरात कुणी सांगायची गरज पडली नाही. संध्याकाळपर्यंत तोच व्हिडिओ फिरून पोरांच्या ग्रुपवर गेला, बापाच्या मजकुरासकट. त्यावर कुणीतरी लिहिलं, बापानेच जाहिरात केली. थोरलीने ते वाचलं.

त्यानंतर ती बोलायचीच थांबली. अडखळणंसुद्धा नाही. ताट समोर ठेवलं की दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. खिडकीला तिने ओढणी बांधून टाकली. बाप दारात आला की डोळे मिटून घ्यायची. आईला हे काही ठीक वाटेना. तिने काही न बोलता जनावरांच्या औषधांच्या कपाटाला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि थोरलीला नजरेआड होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. भाकरी करताना ती आतलं दार उघडं ठेवायची आणि दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्ताने हाक मारायची. उत्तर यायचं नाही. कूस बदलल्याचा आवाज आला की तेवढ्यावर ती पुढची भाकरी थापायची.

बाप मुख्याध्यापकांकडे गेला. ते खुर्चीवर मागे रेलून म्हणाले, "शाळेच्या वेळेत घडलेलं नाही."

"वर्गातलंच आहे सर ते. धडा वाचताना."

"शाळेत फोन आणायला बंदी आहे. म्हणजे ते शाळेत झालेलंच नाही." त्यांनी पेन बंद केलं. "तिला काही दिवस घरीच ठेवा. पोरं विसरतात. आणि तुम्ही स्वतःच पालकांच्या ग्रुपवर टाकल्यावर मी कुणाला काय बोलू?"

बाप उठून बाहेर आला. चप्पल घालताना त्याला व्हरांड्यातल्या पोरांमधून दबक्या आवाजात हम्मा ऐकू आलं. तो वळला तर सगळी पोरं पुस्तकात डोकं घालून बसलेली. त्याच्यासारख्या तडकणाऱ्या माणसाने एरवी एखाद्याचा कान धरला असता. त्याने मान खाली घातली आणि चालू लागला.

तिथून तो पोलीस चौकीत गेला. बाकावर बराच वेळ बसून राहिला. हवालदाराने विचारलं, "व्हिडिओ दाखवा."

"पुसला साहेब. माझ्याकडून पुसला गेला."

"मग तक्रार कशावर घेऊ?" हवालदार कागद बाजूला सारत होता, तेवढ्यात त्याला काहीतरी आठवलं. त्याने स्वतःचा फोन काढला, बोट फिरवलं आणि फोन बापापुढे धरला. "हीच का क्लिप? ही तर मला कालच आलीय. मेहुण्याने पाठवली."

परक्या माणसाच्या फोनवर बापाने आपली लेक पाहिली. आणि तिच्या वर आपलं वाक्य. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पाठवा.

"साहेब, पुढे नका पाठवू."

"मी कशाला पाठवतोय," हवालदार म्हणाला, पण व्हिडिओ चालूच राहिला, आणि हंबरण्यापाशी त्याच्या मिशीखाली हसू आलंच. त्याने खोकून ते दाबलं. "पोरांची मस्करी आहे हो. तिचा फोन काढून घ्या, आपोआप मिटेल."

बाप घरी आला तो सरळ गोठ्यात. शेण ओढलं, गव्हाणी धुतल्या, एका गाईला दोनदा पाणी दाखवलं. आईने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "काही नाही." त्याला रडायला येत होतं आणि ते लपवायला त्याने फावडं उचललं. पण शेण सगळं ओढून झालेलं होतं.

मदतीचा नंबर आईला सापडला तो शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर. मुलांना त्रास होत असेल तर फोन करा, असं निळ्या रंगात लिहिलेलं होतं आणि त्यावर कुणीतरी सायकल टेकवून ठेवायचं. धाकटीला आणायला ती रोज त्याच भिंतीजवळ उभी राहायची. त्या दिवशी तिने सायकल बाजूला केली आणि नंबर तळहातावर लिहून घेतला. गोठ्यात जाऊन, तांबडीच्या पाठीवर हात ठेवून तिने फोन लावला. घरातल्या घरात बोललं तर थोरलीला वाटेल, अजून एका माणसाला सांगितलं.

पलीकडे एक बाई होत्या. आईला वाटलं, आता त्याही म्हणतील, व्हिडिओ पाठवा. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"मुलगी आत्ता कुठे आहे?"

"आतल्या खोलीत."

"एकटी?"

"दार उघडंय, मला इथून दिसतेय."

"बरं केलंत. आता असंच जवळ राहा. जेवते का? झोपते का? मरायचं वगैरे काही बोलली का?"

"ती बोलतच नाही बाई." आई म्हणाली. इतके दिवस हा प्रश्न तिच्या मनात होता आणि तो दुसऱ्या कुणी विचारला याचंच तिला बरं वाटलं. "मी औषधांना कुलूप लावलंय."

"चांगलं केलंत. आता ऐका. फोन तिच्याकडून काढून घेऊ नका, ती शिक्षा वाटते, आणि तिने तर काहीच केलेलं नाही. काही पुसू नका. जे आलंय त्याचे स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. ते खोटं खातं बंद करायला लावता येतं, आम्ही लावू. शाळेशीही बोलू, त्यांना असं हात झटकता येणार नाही. पण तिच्या वतीने कुणी काही ठरवायचं नाही. तिला विचारायचं. आणि ती अडखळते म्हणालात ना? मग अडखळू द्या. तिचा शब्द तिच्या तोंडातून काढून घेऊ नका."

शेवटचं वाक्य आईने बापाला जेवताना जसंच्या तसं सांगितलं. त्याने घास तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"मी तर मदत करत होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. तिने त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली, आणि तेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केंद्रवाला स्वतः घरी आला. एरवी तो कुणाच्या दारात जायचा नाही. लोक किटल्या घेऊन त्याच्या दारात जायचे. तो खाटेवर बसला, घाम पुसला, तांबडीची चौकशी केली.

"पोरीने कबूल केलं माझ्या," तो म्हणाला. "गोठ्यातलं तिने काढलं. वर्गातलं दुसऱ्या पोरांनी. जोडलं कुणी, ते खातं कुणी काढलं, तिलाही नीट माहीत नाही. मी दोन दिल्या ठेवून. आता तुम्ही ते फोनबिन करताय असं कळलं. भिंतीवरचा नंबर लिहून घेताना वहिनींना कुणीतरी पाहिलं. कशाला वाढवायचं? मुलींची मैत्री आहे, उद्या एकत्र बसतील."

केंद्रवाला गोठ्याकडे पाहत हळूच म्हणाला, "दगडीचं दूध मी कुणाचंच घेत नाही. तुमची एक गाय बाजूला आहे म्हणून बाकीचं घेतोय. मी काही बोललोय का कधी?"

बापाच्या तोंडचं पाणी पळालं. या हंगामात दूध नाकारलं तर कुठे घालायचं? आणि सवयीने, घाईने, समोरचा माणूस उठावा म्हणून तो म्हणाला, "नाही नाही. मिटलं. मिटलं समजा."

केंद्रवाला गेला. आई चुलीपाशी होती. तिने मागे न वळता विचारलं, "कुणाचं मिटलं?"

बापाने आतल्या खोलीकडे पाहिलं. थोरली दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा रडवेला नव्हता. रडवेला असता तर त्याला सोपं गेलं असतं. ती त्याच्याकडे बघत होती, हा माणूस असाच करणार हे आधीच ठाऊक असल्यासारखी. मग ती आत गेली आणि दार ओढून घेतलं.

त्या रात्री आई दाराबाहेरच आडवी झाली, आणि बापाला झोप लागली नाही, हे सांगायला नकोच.

सकाळी केंद्रावर नेहमीची रांग होती. किटल्यांची झाकणं वाजत होती, कुणीतरी कालच्या गाडीला शिव्या देत होतं. बापाची पाळी आली. त्याने किटली वजनकाट्यावर ठेवली आणि हात तसाच कडीवर धरून ठेवला.

"काल मी मिटलं म्हणालो," तो म्हणाला, "ते मिटलेलं नाही. ते माझ्या हातात नाही. पोरीला विचारल्याशिवाय मी बोलायला नको होतं."

केंद्रवाल्याने मान वर केली नाही.

"आणि तुम्ही सगळे ऐका." बाप मागे वळला. त्याला नेहमीसारखं भराभर बोलता येईना. "ग्रुपवर मी जे टाकलं ते मी मूर्खपणा केला. तुमच्या फोनवरून ते काढा. आणि तू," त्याने चुलतभावाकडे पाहिलं, "तू तिचा काका आहेस."

चुलतभाव चप्पलेने माती उकरायला लागला. केंद्रवाल्याने किटलीतलं दूध ढवळलं, वाटीत घेतलं, वास घेतला आणि वाटी उपडी केली. "गाठी आहेत."

"तांबडीचं यात थेंबभर नाही. तुम्हालाही माहीत आहे."

"गाठी आहेत म्हटलं ना."

बापाने वाद घातला नाही. भरलेली किटली उचलून सायकलला अडकवली आणि घराकडे निघाला. रस्ताभर दूध डचमळत होतं. दूध परत घेऊन येणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात ती नजर त्याने इतरांना दिलेली होती. आज ती त्याच्या वाट्याला आली. घरी येऊन त्याने किटली चुलीपाशी ठेवली. आईने न विचारता मोठं पातेलं काढलं आणि दूध तापत घातलं.

मग तो आतल्या खोलीच्या दाराबाहेर जमिनीवर बसला. दार बंदच होतं.

"केंद्रावर सांगून आलो, मिटलेलं नाही म्हणून," तो दाराला म्हणाला. "आईने मदतीच्या नंबरावर फोन केला, त्या बाईंचं कार्यालय शहरात आहे. तक्रार करायची का नाही, तू सांग. नको म्हणालीस तर नको. मी आज कुठे जात नाही."

तो बसून राहिला. गाई ओरडायला लागल्या, वैरणीची वेळ झाली, आईने ती घातली. धाकटी येऊन त्याच्या मांडीवर बसली, कंटाळली, उठून गेली. त्याचा पाय मुंग्यांनी बधिर झाला. किती वेळा त्याच्या तोंडाशी आलं, की बरं मग हो समजू का? दर वेळी त्याने ते गिळलं. ऊन दारातून सरकत भिंतीवर गेलं तेव्हा कडी निघाली. थोरली आवरून बाहेर आली होती. फोन तिच्या हातात होता. ती बोलली नाही, पण पायात चप्पल घालून उभी राहिली.

कार्यालय म्हणजे एका जुन्या इमारतीतली दोन टेबलांची खोली. पंखा कुरकुरत होता. फोनवर बोललेल्या बाई मध्यमवयीन होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. शेजारी सायबर पोलिसांतली एक तरुण अधिकारी साध्या कपड्यांत बसली होती, तिच्यासमोर कॉम्प्युटर. बाईंनी थोरलीला खिडकीजवळची खुर्ची दिली. आईबाप मागच्या बाकावर.

"तुला लिहून द्यायचं असेल तर लिहून दे," बाई म्हणाल्या. "बोलायचं असेल तर बोल. आम्हाला घाई नाही. आणि मागे बसलेल्यांनी मधे बोलायचं नाही."

थोरलीने कोरा कागद समोर ओढला. पेन हातात घेतलं. मग ते खाली ठेवलं.

"ब... ब... बोलते," ती म्हणाली.

आईने तोंडावर पदर धरला. इतक्या दिवसांनी ऐकलेला तो पहिला शब्द होता.

सोपं नव्हतं ते. प्रत्येक वाक्याला तिची मान ताठ व्हायची, कपाळावर घाम यायचा, खुर्चीची कड बोटांनी घट्ट धरली जायची. मधेच एक शब्द असा अडला की तिने डोळे मिटून मूठ मांडीवर आपटली. अधिकारी कीबोर्डवर बोटं ठेवून थांबून राहिली. बाई थांबून राहिल्या. बाप बाकावर पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून. तिचा प्रत्येक शब्द त्याला तिच्याआधी कळत होता आणि तोंड बंद ठेवताना त्याचे जबडे दुखायला लागले होते. शब्द यायचा. उशिरा, ओबडधोबड, पण पूर्ण यायचा. तिने फोनमधले फोटो दाखवले; पहिल्या दिवसापासूनचे सगळे तिने जपून ठेवले होते. तिने मैत्रिणीचं नाव सांगितलं. वर्गातल्या मुलांची नावं सांगितली.

"हा व्हिडिओ शाळेबाहेर कसा गेला?" अधिकारी तरुणीने विचारलं. "मोठ्या माणसांत पहिल्यांदा कुणी टाकला, माहीत आहे?"

थोरलीने होकारार्थी मान हलवली. खिडकीबाहेर बघितलं, मग टेबलाकडे.

"माझ्या..." ती म्हणाली आणि अडली. "माझ्या ब... ब..."

बापाला कळलं. आईलाही कळलं; तिने त्याच्याकडे पाहिलं. आत्ता तो नुसता उठून म्हणाला असता, की हो, मीच, तर पोरीची सुटका झाली असती आणि त्याचीही थोडी. कबूल करणारा बाप म्हणून त्याला बरं वाटलं असतं. शब्द त्याच्या ओठांवर आला होता. त्याने खालचा ओठ दातांत धरला आणि जमिनीकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहत राहिला.

"ब..." तिचे डोळे मिटले. ती थांबली, एक श्वास घेतला, आणि डोळे उघडून मागे वळली. अधिकारी तरुणीकडे नाही, बापाकडे बघत ती म्हणाली, "माझ्या बाबांनी. मी स... सांगत होते कुणी केलं ते. त्यांनी ऐ... ऐकून घेतलं नाही."

अधिकारी तरुणीची बोटं थांबली. तिने बाईंकडे बघितलं. बाईंनी बापाकडे.

"लिहा," तो म्हणाला. त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं. अधिकारी तरुणीने एकदा पुन्हा विचारलं, त्याने सावकाश पुन्हा सांगितलं. टाइप झालेलं नाव त्या यादीत मुलांच्या नावांखाली बसलं. त्याचे डोळे भरून आले आणि या वेळी लपवायला हातात फावडं नव्हतं.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. गावाकडे जाणारी हीच गाडी होती. ती चुकली तर धारांना उशीर होणार होता, आणि तांबडीची कास संध्याकाळपर्यंत अजून टणक होणार होती. आईने पिशवी उचलली. अधिकारी म्हणाली, "आजच्यापुरतं एवढं पुरे. खातं बंद करायची मागणी मी लगेच पाठवते. बाकीचं उद्या फोनवर घेतलं तरी चालेल."

थोरली उठली नाही. ती टेबलावरच्या ग्लासातलं पाणी प्यायली आणि तिने तोंड पुसलं.

"अ... अजून आहे," ती म्हणाली. "मला अजून सांगायचंय."

बापाने आईच्या हातातली पिशवी घेतली, बाकाखाली ठेवली आणि खाली बसला.